सोलापुरात दर महिन्याला मराठी स्टँडअप: जागा कोणती, वार कोणता, भाषा कुठली?

पार्कचौककर

मंडळी, महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या जागी सोलापुरात स्टँडअपचा ओपन माइक (नवे-जुने कलाकार येऊन प्रत्येकी पाच मिनिटं करतात तो कार्यक्रम) चालवायचा असेल तर कुठून सुरुवात करावी?

इथे हसायला माणसं तिकीट काढून येतात, यात वाद नाही. विनोदी नाटक लागलं की हुतात्मा स्मृती मंदिराच्या दारात गर्दी असते. एकपात्री हास्यप्रयोग सोलापूरकरांना नवे नाहीत, प्रा. दीपक देशपांडे यांचं नाव शाळकरी मुलंही सांगतील. पण बाहेरचा कलाकार येतो, कार्यक्रम करतो, रात्रीची गाडी धरतो, आणि मग चार महिने काही नाही. गावातल्या पोरांनी पाच मिनिटं करून बघायची जागाच नाही. सराव व्हायला दर महिन्याची तारीख लागते, मोठ्या कार्यक्रमाने ते काम होत नाही.

माझं मत: मोठ्या हॉलला हात लावू नये. ६० खुर्च्यांची खोली घ्यावी आणि पहिले सहा महिने वार बदलू नये. नऊशेच्या हॉलात दीडशे माणसं बसली तरी तो रिकामा वाटतो. साठाच्या खोलीत पंचेचाळीस आली तरी ती भरलेली वाटते. हसू शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातं. मध्ये चार खुर्च्या मोकळ्या असल्या की ते तिथेच विझतं.

जागा, वार, आवाज, भाषा, परवानग्या, ज्याला जे नक्की माहीत आहे ते लिहा. येणाऱ्या कार्यक्रमांची खात्रीची माहिती कुठे मिळते तेही सांगा.

तिसरी_घंटा

खोली लहान हवी हे मान्य, पण "हॉलला हात लावू नये" हे पटत नाही. सोलापूरचा प्रेक्षक नाटकाचा आहे. त्याला रांगेतली खुर्ची, वेळेवर घंटा आणि स्वच्छतागृह लागतं. आई, आजी, शाळेतल्या बाई या मंडळींना कॅफेच्या वरच्या मजल्यावर बोलावलं तर येणार नाहीत. तुमच्याकडे फक्त कॉलेजची पोरं उरतील आणि विनोदही त्यांच्यापुरताच राहील.

मधला मार्ग आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं ॲम्फी थिएटर पाहा. डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह त्याहून मोठं आहे, पण तिथे मागच्या रांगा दोरी बांधून बंद करता येतात. दोरी सुतळीचीच बांधा. कागदाची "राखीव" पाटी लोक उचलून खाली ठेवतात आणि भिंतीलगत जाऊन बसतात.

तारखेचं मात्र आधी बघा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राज्य नाट्य स्पर्धेसाठी हुतात्मा अडकलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात. मकर संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची यात्रा आणि होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा. त्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे पार्क चौकाकडचे रस्ते वळवलेले असतात. १२ ते १६ जानेवारीला त्या भागात कार्यक्रम ठेवला तर कलाकारसुद्धा वेळेवर पोचणार नाही. शिवाय सगळं गाव गड्ड्यावर असताना तुमच्याकडे कोण येईल?

साउंडवाला

आवाजाचं लिहितो. स्टँडअप पडतं ते निम्म्या वेळा इथेच. शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर विनोद झालाच नाही असं समजा.

साठ माणसांच्या खोलीला १० किंवा १२ इंची एक पॉवर्ड स्पीकर (ॲम्प्लिफायर आतच असलेला) पुरतो. तो स्टँडवर चढवा, तोंड बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या वर येईल इतका, आणि माइकच्या पुढे ठेवा. माइकच्या मागे ठेवला की त्याचाच आवाज माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मग ऑपरेटर आवाज कमी करतो, मागची रांग "ऐकू येईना" म्हणते, तो पुन्हा वाढवतो, पुन्हा शिट्टी. हा खेळ रात्रभर चालतो. स्पीकर दोन हात पुढे सरकवला की प्रश्न संपतो.

माइक साधा डायनॅमिक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) घ्या, शुअर एसएम५८ किंवा त्याच जातीचा. वायरचा. वायरलेस भाड्याने आणलाच तर सेल नवे, दर कार्यक्रमाला नवे. अर्ध्या संपलेल्या सेलवर माइक तपासणीत नीट चालतो आणि विसाव्या मिनिटाला खरखरायला लागतो. वायर किमान १० मीटर, आणि एक जादा जवळ ठेवा.

मिक्सरवर तीन कामं. लो-कट दाबा, म्हणजे ८० ते १०० हर्ट्झच्या खालची घरघर आणि माइक हाताळल्याचा धबधब निघून जातो. बास थोडा उतरवा, कारण माइक ओठाला टेकला की तो आपोआप वाढतो. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: एको (घुमणाऱ्या आवाजाचं बटण) बंद. आपल्याकडचे साउंडवाले मांडवाचे आणि ऑर्केस्ट्राचे. माइक लावला की त्यांचा हात सवयीने एकोकडे जातो. गाण्याला तो शोभतो. बोलण्यात मात्र प्रत्येक शब्दाची शेपूट पुढच्या शब्दावर पडते आणि विनोदाची वेळ चुकते. आधी फोनवर सांगा, जागेवर पुन्हा सांगा आणि स्वतः बटण बघा.

आणखी एक, माइकचा जाळीचा गोळा मुठीत धरू देऊ नका. कार्डिऑइड माइक मागचा आवाज टाळतो तो जाळीच्या मागच्या फटींमुळे. मुठीने त्या बंद केल्या की तो सगळीकडचं ऐकतो आणि शिट्टी मारतो. नवी पोरं रॅपची गाणी बघून तसाच धरतात.

आसरा_चौक

"एको बंद" हे निमंत्रण पत्रिकेवरच छापा, मालक. लग्नाचे साउंडवालेही वाचतील.

दिवाबत्ती

साउंडवाला यांना जोडून दिव्याचं. एलईडी पार (रंगमंचाचे गोल दिवे) दोन पुरतात, दोन्ही समोरून, डावीकडून आणि उजवीकडून साधारण ४५ अंशात, रंग कोमट पांढरा. डोक्यावरून एकच दिवा लावला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडतो आणि चेहरा वाचता येत नाही. विनोदाचा निम्मा भाग भुवईत असतो.

भाड्याने आलेले पार बहुधा साउंड-ॲक्टिव्ह मोडवर असतात, म्हणजे आवाज झाला की रंग बदलतो. लोक हसले की कलाकार हिरवा, टाळ्या पडल्या की जांभळा. दिव्याच्या मागच्या छोट्या डिस्प्लेवर मोड बदलून स्थिर करा. प्रेक्षकांवरचे दिवे मंद ठेवा, पूर्ण बंद नको. माणूस अंधारात मोकळा हसतो, पण पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

होटगीरोड

येणारे कार्यक्रम कसे शोधायचे ते सांगतो.

बुकमायशोवर शहर "सोलापूर" निवडा आणि सिनेमा सोडून इव्हेंट्समध्ये जा. पुणे निवडलेलं राहिलं तर सोलापूरचं काही दिसणार नाही, बरेच जण इथेच फसतात. कलाकाराच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवर दौऱ्याच्या तारखांची लिंक असते, ती सगळ्यात खात्रीची. पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरत आलं तर आधी ती लिंक बघा आणि मगच पैसे भरा. वर्तमानपत्राच्या सोलापूर आवृत्तीतली "आजचे कार्यक्रम" ही चौकट अजूनही उपयोगी आहे, कारण वाचनालयातले आणि संस्थांचे विनामूल्य हास्यकार्यक्रम ऑनलाइन दिसतच नाहीत. हुतात्मा स्मृती मंदिराबाहेर लागलेले फलक जाता-येता बघत चला.

तिकीट काढण्याआधी शब्द नीट वाचा. "सोलो" म्हणजे एकच कलाकार, तास-सव्वा तास. "लाइनअप" म्हणजे चार-पाच जण, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं. "ट्रायल" म्हणजे नवं साहित्य घासून बघायचा प्रयोग. तो स्वस्त असतो, कलाकाराच्या हातात वही असते आणि काही विनोद पडणारच. ट्रायलला जाऊन "तयारी नव्हती" असं लिहिणं अन्यायाचं आहे. "ओपन माइक" म्हणजे नवशिके आणि जुने मिसळून, प्रत्येकी पाच मिनिटं. भाषा आणि वयाची अटही बघा. नाव मराठी असलं तरी कार्यक्रम हिंदीत असू शकतो. १६ किंवा १८ वर्षांची अट लिहिली असेल तर मुलांना नेऊन मग तक्रार करू नये.

इंद्रायणी_डबा७

पुण्याचा कलाकार बोलवायचा असेल तर रेल्वेचं गणित आधी मांडा. पुणे-सोलापूर साधारण २५० किलोमीटर. सकाळची पुणे-सोलापूर इंटरसिटी (आपण तिला इंद्रायणीच म्हणतो) पुण्याहून निघून दुपारी इथे पोचते, तीच सोयीची. संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्याहून सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस रात्री दहाच्या आसपास येते. तोवर कार्यक्रम संपलेला असतो. मुंबईहून दुपारी निघणारी वंदे भारतसुद्धा रात्रीच पोचते, त्यामुळे त्याच दिवसाच्या कार्यक्रमाला ती निरुपयोगी.

परतीला रात्री साडेदहाच्या सुमारास सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, पण ती पुण्याला अपरात्री उतरवते. मुंबईकराला उत्तम, पुणेकराला मुक्काम आणि पहाटे साडेसहाची हुतात्मा बरी. म्हणून कार्यक्रम ७ ते ८:३०. आठला सुरू केला तर शेवटच्या कलाकाराचं लक्ष घड्याळाकडे जातं. वेळापत्रक बदलतं, तारीख ठरवताना पुन्हा बघा.

एक मुद्दा कुणी मांडला नाही. सगळे पुण्याकडेच का बघतात? विजयपूर आणि कलबुर्गी इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत आणि हैदराबाद थेट गाडीवर आहे.

कन्नाचौक

इंद्रायणी, हेच लिहायला आलो होतो.

सोलापूरला एकाच भाषेचं गाव समजून कार्यक्रम केला तर अर्धं गाव बाहेर राहतं. पूर्व भागात तेलुगू घरं, शहरात आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूर पट्ट्यात कन्नड, आणि दखनी (दख्खनची उर्दू बोली) तर रिक्षापासून भाजी मंडईपर्यंत. गंगावती प्राणेश यांची कन्नड हास्यभाषणं ऐकणारी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. त्या घरांत कुणी स्टँडअप हा शब्द वापरत नाही, पण हातात माइक घेऊन एकट्याने दोन तास हसवणं त्यांना चांगलं ठाऊक आहे.

माझी सूचना अशी. एका रात्री बारा कलाकार धरले तर त्या बारा जागांपैकी आठ मराठीला, उरलेल्या चार दखनी, कन्नड, तेलुगू किंवा मिसळीला. अट एकच, विनोदाची कळ मराठी माणसाला कळली पाहिजे. तेलुगू आजीचं वाक्य तेलुगूत येऊ द्या, पण विनोद तिच्या वाक्यावर उभा न करता ऐकणाऱ्या नातवाच्या मराठी उत्तरावर उभा करा. मग भाषा न येणाराही हसतो आणि भाषा येणारा दोनदा हसतो. सोलापूरच्या घरांत रोज असंच बोलतात, नुसतं उचलून मंचावर आणायचं आहे.

शब्दकोशी

भाषेबद्दल एक धोका सांगतो. "काय करलालाव बे" एवढं म्हटलं की सोलापुरात टाळी पडते. ती टाळी ओळखीची असते, विनोदाची नव्हे. पहिल्या महिन्यात पडेल, तिसऱ्या महिन्यात नुसता "बे" ऐकून कुणी हसणार नाही. टीव्हीवर ग्रामीण पात्राच्या तोंडी गावठी हेल घातला की विनोद झाला असं मानायची सवय लागली आहे, आपल्या मंचावर ती नको.

बोली वापरायची ती नेमकेपणासाठी. "लई" आणि "खूप" यांत फरक आहे. वाक्याच्या शेवटी येणारा "की" (आलो की, दिलं की) हा धीराचा, समजावणीचा सूर आहे. तो कुठे आग्रह दाखवतो आणि कुठे वैताग, हे ज्याला कानाने कळतं त्याने वापरावा. पुण्यात वाढलेल्याने उगाच लावू नये.

कन्नाचौक

शब्दकोशी, शंभर टक्के मान्य. माझ्या मते यजमानाने एका रात्रीत चादरीवर एक आणि शेंगाचटणीवर एक, एवढेच विनोद मंजूर करावेत. नाहीतर बाराही जण चटणीच आणतील.

विजापूरवेस

आणि कडक भाकरी? तिला कोटा नाही?

कॉपीपेन

नव्याने करणाऱ्यांसाठी पाच मिनिटांचं गणित.

मराठीत मंचावरचा वेग मिनिटाला साधारण १२०-१३० शब्द पडतो, म्हणजे पाच मिनिटांत सहाशेच्या आसपास. पण हशाला वेळ जातो, श्वासाला जातो, सुरुवातीला माइक नीट करण्यात जातो. म्हणून ४५० शब्दच लिहा. सहाशे लिहून आणणारा शेवटी घाई करतो आणि नेमका शेवटचा, सगळ्यात चांगला विनोद गिळतो.

लिहिताना आधी प्रसंग एका वाक्यात. मग त्यातलं खटकणारं काय ते. वळणाचा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून वळणाचा शब्द अनेकदा आत अडकतो. "सासऱ्यांनी आहेर म्हणून सतरा चादरी दिल्या मला" यात "सतरा" आधीच फुटला आणि मागे "दिल्या मला" एवढी शेपूट राहिली. "आहेरात सासऱ्यांनी चादरी दिल्या. सतरा." इथे थांबा आणि पुढचा शब्द बोलूच नका. हसू येतं तिथे वाक्य संपलं पाहिजे.

दुसरं, पहिला हशा ३० सेकंदांच्या आत आला पाहिजे. "नमस्कार, कसे आहात सगळे, जेवलात का" यात वीस सेकंद जातात.

तिसरं, फोनवर प्रत्येक वेळी आवाज रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी कागदावर हशाच्या जागी खूण करा. दोन खुणांमध्ये पाच ओळींपेक्षा जास्त अंतर पडलं तर मधल्या ओळी कापा. पाच-सहा वेळा केल्यावर पाचातली दीड-दोन मिनिटं खरी उरतात. यात निराश होऊ नये, सगळ्यांचं असंच होतं.

पोरं कुठून मिळतील? पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या युवा महोत्सवातून. तिथे नकला, मूकनाट्य आणि प्रहसन हे प्रकार असतात, आणि संगमेश्वर, दयानंद, वालचंद अशा महाविद्यालयांत पोरं त्यासाठी महिनोन्महिने राबतात. नकलेला वेळ पाच मिनिटांचाच असतो, म्हणजे घड्याळाची सवय आधीच लागलेली. महोत्सव झाला की वर्षभर त्यांना मंच नसतो. फक्त एक सवय मोडावी लागेल. स्पर्धेत परीक्षकाकडे बघून बोलतात, इथे तिसऱ्या रांगेकडे बघायचं.

तिसरी_घंटा

कॉपीपेन यांनी "सतरा"चं उदाहरण छान दिलं. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या हेच करतो. सरदार लांबलचक विचारतो आणि सोंगाड्या एका शब्दात उत्तर देतो. तो एक शब्द उघडा पडावा म्हणून ढोलकी थांबते. स्टँडअपला ढोलकी नाही, म्हणून ती शांतता स्वतः राखावी लागते. आपल्याकडे हे कौशल्य आधीपासून आहे, पोरांनी बतावण्या ऐकाव्यात.

मास्तरीण

प्रेक्षकांशी बोलणं, ज्याला क्राउडवर्क म्हणतात, त्याबद्दल कळकळीने लिहिते.

आडनाव विचारू नका. मुंबईच्या कार्यक्रमांचे तुकडे बघून पोरं पहिलाच प्रश्न "आडनाव काय" असा करतात. आपल्या गावात आडनावावरून जात कळते, धर्म कळतो, आणि पुढचा विनोद त्या माणसावर न राहता त्याच्या घरावर जातो. तो माणूस हसतो, कारण साठ लोक बघत असतात. पण पुढच्या महिन्यात तो येत नाही.

विचारायचं असेल तर पेठ विचारा, घरातून किती वाजता निघालात ते विचारा, गाडी कुठे लावली ते विचारा. गणवेशाच्या कारखान्यात काम करणारा भेटला तर गावातल्या अर्ध्या शाळांची मापं त्याला तोंडपाठ असतील, त्यातून दहा मिनिटं निघतील. जुळे सोलापूरहून आलेल्याला आणि बाळीवेशीतून आलेल्याला शहर वेगळं दिसतं, ते काढा.

एकट्या आलेल्या बाईला "एकट्याच आलात?" असं मंचावरून कधीही विचारू नये. यजमानाने हे नियम कलाकारांना कार्यक्रमाआधी तोंडी सांगावेत. पहिल्या ओळीत दोन खुर्च्या "बोलायचं नाही" म्हणून राखाव्यात आणि दारावरच विचारून त्या द्याव्यात. लाजाळू माणसं पुढे बसतात मग.

तिसरी_घंटा म्हणतात तसं कुटुंबं यावीत असं वाटत असेल तर कार्यक्रमाचे दोन भाग करा. पहिली ४५ मिनिटं सगळ्यांसाठी, दुसरी मोठ्यांसाठी, मध्ये स्पष्ट घोषणा. शिवी हवीच असेल तर दुसऱ्या भागात. मुलं घेऊन आलेल्यांना सन्मानाने उठता येतं.

नियमावली

परवानग्यांबद्दल. कंटाळा करू नका, कार्यक्रमाच्या दिवशी दारात पोलीस उभे राहिले तर सगळ्यात जास्त नुकसान नव्या कलाकाराचं होतं.

महाराष्ट्रात रंगमंचावरच्या प्रयोगाची लिखित संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. सोलो किंवा तिकीट लावून केलेल्या लाइनअपला हॉलवाले हे प्रमाणपत्र मागू शकतात, म्हणून संहिता महिनाभर आधी पाठवा. ओपन माइकला संहिता आधी नसतेच. तिथे जागेच्या मालकाचं पत्र, स्थानिक पोलीस ठाण्यात कार्यक्रमाची माहिती देणारा अर्ज आणि त्याची शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. तुमच्या कार्यक्रमाला आणखी काय लागतं ते त्याच ठाण्यात लेखी विचारा.

ध्वनिवर्धकाला २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू होतात. रात्री १० ते सकाळी ६ बंद, अपवाद बंदिस्त सभागृहांचा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. साध्या बोलण्याचा आवाजच ६० च्या घरात जातो, म्हणून गच्चीवरचा किंवा उघड्यावरचा कार्यक्रम वस्तीत करताना स्पीकरचं तोंड घरांकडे नको आणि साडेनऊला आवरा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं, जागा ठरवतानाच मोजा.

कार्यक्रमाआधी गाणी वाजवली तर त्यांचा परवाना वेगळा, आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा. सोपा उपाय म्हणजे गाणी वाजवूच नका, किंवा गावातला एखादा हार्मोनियमवाला बसवून पारंपरिक चाली वाजवा.

जीएसटीत नाटक, नृत्य, सर्कस अशा प्रयोगांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशाला माफी आहे. तुमचा कार्यक्रम त्यात बसवायचा कसा ते सीएकडून एकदा लिहून घ्या.

पैपै

हिशेब कुणीच मांडला नाही. समजा ६० खुर्च्या, तिकीट १०० रुपये, ४५ विकली. हातात ४,५००. तिकीट संकेतस्थळाचा वाटा गेला. खोलीचं भाडं, साउंड, पाणी, चार पोस्टर. पाहुण्या कलाकाराचा प्रवास आणि मुक्काम यात बसत नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य करा. म्हणून दोन महिने गावातलेच कलाकार, तिसऱ्या महिन्यात पाहुणा आणि त्या दिवशी तिकीट २००.

कॅफेवाल्याशी बोलताना भाडं देण्यापेक्षा "तिकिटात एक चहा" असं ठरवा, त्यालाही परवडतं. पण अट घाला: सात ते साडेआठ स्वयंपाकघरातला मिक्सर बंद, बिल टेबलावर नाही, ऑर्डर फक्त आधी आणि नंतर. कॉफीचं यंत्र वाफ सोडतं ते नेमकं विनोदाच्या शेवटच्या शब्दावर.

फुकट ठेवू नका. ५० रुपये ठेवा, पण ठेवा. फुकटात नाव नोंदवलेले निम्मे येत नाहीत आणि आलेले मधूनच उठतात.

भेळवाली_गल्ली

खाण्याचा विषय निघालाच आहे तर कुरकुरीत काहीही आत नको. शेंगा, चिवडा, कडक भाकरी (विजापूरवेस, तुमचा कोटा हा घ्या). पिशवीचा आवाज तीन रांगांना त्रास देतो. कार्यक्रमानंतर पार्क चौपाटी आहेच. तिथेच कलाकार आणि प्रेक्षक खरे बोलतात, कुठला विनोद लागला आणि कुठला नाही ते.

आसरा_चौक

वाराचं काय? शनिवार की रविवार?

होटगीरोड

शनिवार. रविवारी संध्याकाळी पुण्याला नोकरी करणारी पोरं परत निघतात आणि तीच तुमची अर्धी गर्दी आहे. एप्रिल-मेमध्ये आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो, त्या दिवसांत सहाला ठेवावं असं मनात येईल. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात सहाला रस्ता तापलेला असतो, पत्र्याच्या छपराखाली तर बसवत नाही. वातानुकूलित खोली मिळत नसेल तर मे महिना सोडा आणि ते आधीच जाहीर करा. न सांगता चुकलेली तारीख लोक लक्षात ठेवतात.

साउंडवाला

छताच्या पंख्यांचं राहिलं. पंखा माइकच्या अगदी वर असेल तर वाऱ्याचा भप्प आवाज येतो. मंचावरचा बंद, प्रेक्षकांवरचे मध्यम. माइकवर स्पंजची टोपी घाला, पंचवीस-तीस रुपयांत येते. पुढच्या कलाकाराच्या आधी पुसा.

पार्कचौककर

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मी मागे घेतो: हॉलला हात लावू नये हे चूक होतं. लहान सभागृह आणि दोरी हे तिसरी_घंटा यांचं बरोबर. कॅफे दुसऱ्या पसंतीला.

तर असं धरू. महिन्याचा तिसरा शनिवार, संध्याकाळी ७ ला सुरू, ८:३० ला संपलंच. बारा जण, प्रत्येकी पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला मागून मोबाइलचा दिवा, पाचव्याला यजमान मंचाकडे चालू लागेल. यजमान आधी सात मिनिटं. सगळ्यात भक्कम माणूस शेवटी, दुसरा भक्कम पहिला, पहिल्यांदा करणारे तिसऱ्या ते आठव्या क्रमांकात, कारण तेव्हा खोली तापलेली असते आणि थकलेली नसते. सलग दोन पहिलटकर नकोत. आठ जागा मराठी, चार इतर. आडनाव विचारायचं नाही. एको बंद. जानेवारीत गड्डा उलटल्यावरच्या शनिवारी, मे महिना सुट्टी.

नावनोंदणीत पाचच रकाने: नाव, भाषा, पहिल्यांदा की नाही, पहिल्या की दुसऱ्या भागात, आणि विषय एका शब्दात. शेवटचा रकाना चटणीसाठी.

दोन गोष्टी अडल्या आहेत. यजमान कोण, आणि माइकचा स्टँड. साउंडवाल्यांकडे भजनी मंडळाचे तीन पायांचे आडव्या दांड्याचे स्टँड आहेत, ते चालतील का?

साउंडवाला

चालतील, पण त्रास होईल. तीन पाय पसरतात आणि कलाकार अडखळतो. माइक काढल्यावर स्टँड उचलून मागे ठेवायचा असतो, कारण समोर राहिला तर तो प्रेक्षक आणि चेहरा यांच्या मध्ये उभा राहतो. आडव्या दांड्याचा स्टँड उचलताना दांडा फिरतो आणि गुडघ्याला लागतो. गोल बुडाचा, सरळ, लोखंडी हवा. शाळांच्या सभागृहात प्रार्थनेसाठी असतो तो. एखाद्या शाळेकडून तिसऱ्या शनिवारपुरता मागून घ्या.

मास्तरीण

स्टँड आमच्या शाळेत आहे, गोल बुडाचा. मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा लागेल, सोमवारी सकाळी परत यायला हवा. यजमानाचं नाव कुणीतरी सुचवा, मी अर्जाचा मसुदा इथे टाकते.